पाण्यात राहिलेली मालिवान

नाखाम गाव, बोलावेन पठार
९ ऑगस्ट २००२

माझ्या मालिवान,

ही बुआफान आजी चुलीपुढे बसून लिहिते आहे, तेव्हा कागदाला धुराचा वास आला तर नाक मुरडू नकोस. अक्षरं मोठी आहेत, कारण प्रौढवर्गात आम्हाला फळ्यावर लिहायला शिकवलं. वहीत लिहायची पाळी आली तेव्हा भातलावणी आली आणि वर्ग मोडला. म्हणून मी अजून फळ्यावरच लिहिते असं समज.

तुझं पाकीट गाडीवाल्या खामनं आणून दिलं. सोबतचा पाव तुझ्या बापानं दारातच मोडला. फोटो मात्र मी हात धुऊन, पुसून, मगच हातात घेतले. अगं, आपल्या ताड मोकचं तू काय करून टाकलंस? एवढा गरजणारा धबधबा, ज्याच्यापाशी आपली बडबडी शेजारीण चानफेंगसुद्धा गप्प बसते कारण तिचं बोलणं तिलाच ऐकू येत नाही, तो फोटोत भाताच्या टोपलीतून वाफ निघावी तसा निघतोय. दगड काळे कुळकुळीत आणि पाणी कापसासारखं. मी फोटो गावभर फिरवला. मठातले म्हातारे भन्ते म्हणाले, "हे पाणी ध्यानाला बसलंय." दुसऱ्या दिवशी त्यांच्या भिक्षापात्रात मी एक केळं जास्त घातलं.

आता दुसऱ्या फोटोबद्दल. बटण दाबून तू पळत जाऊन दगडावर उभी राहिलीस, तो. तो मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. त्यात तू धूर झाली आहेस, मालिवान. तुझ्या निळ्या नेसणातून मागचं शेवाळ दिसतंय. तोंड तर आहे की नाही कळत नाही. तुझा बाप म्हणतो कॅमेरा बिघडलाय. त्याला काय कळतंय? कॅमेरा बिघडला असता तर दगडही बिघडले असते.

खरं सांग, तू त्या दगडावरून पडलीस ना? सणाला घरी आली होतीस तेव्हा संध्याकाळी चिंब होऊन आलीस आणि म्हणालीस, पाऊस लागला. पाऊस काय तुझ्या एकटीच्या डोक्यावर पडला? बापाची लुंगी दोरीवर कोरडी होती.

माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. माणूस दचकलं की एखादा ख्वान उडतो आणि जिथे दचकलं तिथेच बसून राहतो, वाट चुकलेल्या वासरासारखा. माणूस घरी येतं, जेवतं, बोलतं, पण आत एक जागा रिकामी. मला वाटतं तुझा एक ख्वान ताड मोकवर राहिला आणि कॅमेऱ्यानं तो बरोबर टिपला. जेवण जातं का? झोपेत दचकतेस का? हात थरथरतात का?

आणखी एक. बाप परवा म्हणाला, "कॉफीची फळं लाल झाली की पोरीला परत आणतो. दोन वर्षं स्टुडिओत झाडू मारतेय. झाडायला घरचं अंगण काय लहान आहे?" मी म्हटलं, सणाला मालकांनी तिला जुना कॅमेरा दिला होता ना? तो म्हणाला, "उसना दिला होता. स्वतःचा हातात पडला तर राहू दे तिला. नाही तर तोडणीला इथे." तुझा बाप कमी बोलतो, आणि कमी बोलणारी माणसं आपला शब्द विसरत नाहीत. ते बघ.

तुझी आजी

पाक्से
२१ ऑगस्ट २००२

आजी,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग स्टुडिओच्या मागच्या पायरीवर जाऊन पुन्हा वाचलं.

माझा ख्वान कुठेही राहिलेला नाही. कॅमेऱ्याला पापणी असते असं समज. एरवी ती लवते न लवते तोच मिटते, म्हणून सगळं जागच्या जागी दिसतं. मी मुद्दाम समोर काळी काच लावते आणि पापणी बराच वेळ उघडी ठेवते. तेवढ्या वेळात पाणी वाहत राहतं, म्हणून त्याचा कापूस होतो. दगड हलत नाहीत, म्हणून ते दगडच राहतात. मी उशिरा पोचले आणि धापा टाकत हलत होते, म्हणून माझा धूर झाला. एवढंच. कृपा करून काही विधी वगैरे करू नकोस. आणि पाऊसच होता. माझ्या वाटेवर होता.

बाबांचं मला माहीत आहे, म्हणून तुला एक सांगते. एका कॉफी व्यापाऱ्यानं आमच्या मालकांना, बुनलिएंग काकांना, नव्या वर्षाचं कॅलेंडर करायला दिलंय. वर मोठा धबधबा हवाय. काकांची पाठ आता त्यांना कडेकपारीत जाऊ देत नाही. ते म्हणाले, "चित्र तू आणलंस तर तो जाड भिंगाचा कॅमेरा तुझा. लग्नाची कामंही तुझी. नाही आणलंस तर माझा भाचा आहेच." त्यांचा भाचा फोटो काढताना स्वतःचं बोट मध्ये आणतो, पण तो भाचा आहे.

मी ताड मोकचे फोटो दाखवले. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सुंदर. पण हा केवढा आहे? माझ्या मोरीतला नळ असाच दिसतो." धबधबा केवढा ते कळायला खाली माणूस हवं, असं त्यांचं म्हणणं. माणूस ठेवलं की ते हलतं, आणि हललं की धूर. पाणी कापसासारखं हवं आणि माणूस मात्र ठसठशीत. मी इथल्या दोन मैत्रिणींना दुसऱ्या एका धबधब्यावर नेऊन उभं केलं. एक हसायला लागली, दुसरीला डास चावला. फोटोत दोन ढग आलेत.

त्यात काका म्हणतात, मी फार लांबून काढते. "पाण्याला घाबरतेस की काय? पाण्यात पाय घातल्याशिवाय पाण्याचा फोटो निघत नाही." भन्त्यांचा पावसाळी वर्षावास संपेपर्यंत मुदत दिलीय.

हात थरथरत नाहीत. जेवण जातं. तुझं आंबवलेल्या माशांचं पाडेक संपलंय, खामबरोबर एक बरणी पाठव.

मालिवान

नाखाम
२ सप्टेंबर २००२

मालिवान,

तुझं पत्र आलं तेव्हा विधी होऊन गेला होता. आता रागावून उपयोग नाही.

त्याचं असं झालं. मी चानफेंगला म्हटलं, चल माझ्याबरोबर, पण कुणाला सांगू नकोस. म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. आम्ही निघालो ते मी, चानफेंग, तिची सून, आणि सुनेच्या मागे दोन कुत्री. बरोबर तुझा शाळेतला पांढरा सदरा, एक उकडलेलं अंडं, चिकट भाताचा गोळा, केळी आणि माझं मासे धरायचं हातजाळं. तुझ्या त्या दगडापाशी मी गुडघाभर पाण्यात उतरले.

ख्वान गोळा करायचा तर मासा धरण्यासारखंच असतं. पाणी ढवळलं की तो पळालाच. आधी बगळ्यासारखं उभं राहायचं. पायाला गार लागतं, मग लागेनासं होतं, मग आपण आहोत हे पाणी विसरतं. लहान मासे पिंढऱ्यांना टोचून बघतात आणि समजतात, खांब आहे. चानफेंग काठावरून म्हणत होती, "अगं बुआफान, जिवंत आहेस ना? हो तरी म्हण." मी बोलले नाही. मग हळूच जाळं खाली घालून हाक मारली, "ये गं मालिवानच्या ख्वाना, घरी ये. इथे गार आहे, घरी चूल आहे. इथे शेवाळ आहे, घरी तुझी उशी आहे." आणि जाळं वर काढलं.

जाळ्यात जे काही येईल, पान, काडी, किडा, त्याच्यावर ख्वान बसून येतो, तेच सदऱ्यात गुंडाळून आणायचं असतं. माझ्या जाळ्यात खेकडा आला. चांगला टपोरा.

चानफेंग म्हणाली, "हा ख्वान नाही. हा रात्रीचं कालवण आहे." मी म्हटलं, तोंड सांभाळ, माझी नात आहे ती. सून म्हणाली, "बघा ना, मालिवानसारखाच डोळे वटारून बघतोय." ते मलाही पटलं. सदऱ्यात गुंडाळून आणला तर वाटेत त्यानं तुझ्या सदऱ्याची एक बाही कातरली. सध्या तो पाण्याच्या जुन्या रांजणात आहे. तुझा बाप रोज सकाळी झाकण उघडून बघतो आणि मग शेतावर जातो.

तुझं ते पापणीचं मी दोनदा वाचलं. कळलं. पण एक सांग, पापणी पाण्यासाठी उघडी होती तर मला तुझं पडणं कसं दिसलं? मी तुला जन्मापासून बघते. तू "पाऊसच होता" असं लिहिलंस ना, तिथे तुझं अक्षर बारीक झालंय.

सोबत कापसाचा दोरा आहे. भन्त्यांनी मंत्रलाय. मी बांधायला तिथे नाही, म्हणून एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून मनगटाला बांधून घे. नुसता खिशात ठेवू नकोस. पाडेकची बरणी आहे, झाकण घट्ट लावलंय, तरी खाम म्हणतो गाडीतली माणसं खिडकीकडे तोंड करून बसली होती.

तुझी आजी

पाक्से
१७ सप्टेंबर २००२

आजी,

तू जिंकलीस. मी पडले होते.

फोटो काढून झाला, दगडावरून परत येताना पाय सटकला आणि मी खालच्या डोहात गेले. काही क्षण वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेना. नाकात पाणी, कानात नुसता गडगडाट. मग एक मूळ हाताला लागलं. कॅमेरा काठावर तिपाईवर होता म्हणून वाचला. घरी सांगितलं असतं तर बाबांनी त्याच दिवशी माझं सामान परत आणलं असतं, म्हणून पाऊस म्हणाले. आणि हे बघ, फोटोत माझा धूर झाला तो पडायच्या आधी. म्हणजे तुझा पुरावा खोटा आणि निकाल खरा.

हात थरथरत नाहीत असं लिहिलं तेही खोटं. पाण्याचा आवाज मोठा झाला की मी चार पावलं मागे सरते. म्हणून मी लांबून फोटो काढते. काकांनी बरोबर ओळखलं आणि मी त्यांच्यासमोर हसून वेळ मारून नेली.

दोरा घेऊन त्यांच्याकडेच गेले. इथे माझ्यासाठी वडीलधारं तेच. ते नवरा-नवरीचा फोटो काढत होते, नवरा ताठ बसलेला. काका म्हणाले, "तसेच बसा, हलू नका," आणि सगळ्यांसमोर माझं मनगट धरलं. गाठ मारताना पुटपुटले, "वाईट बाहेर जावो, चांगलं आत येवो, आणि हिला जवळून फोटो काढायची अक्कल येवो." नवरीनंही माझ्या कोपराला हात लावला, दोरा बांधताना जवळचा प्रत्येकजण लावतो तसा. नवरा तेवढा हलला नाही. त्याचा फोटो उत्तम आला.

त्या रात्री मी झोपले, आजी. एवढंच सांगते, जास्त विचारू नकोस.

आता माझं काम. तू पाण्यात खांबासारखी उभी राहिलीस हे वाचताना मी कॅमेऱ्याची काच पुसत होते, ती पुसायचीच राहिली. वर्षावास संपायच्या सणाला मी येते. तू ताड मोकच्या खाली उभी राहशील? हलायचं नाही, मान वळवायची नाही, चानफेंगआजी काहीही म्हणाली तरी. माझ्या ओळखीत असं उभं राहू शकणारं दुसरं कुणी नाही.

पाणी तेव्हा जरा उतरलेलं असेल. तरीही तुला भीती वाटली तर नाही म्हण.

मालिवान

(खेकड्याला सोडून दे. माझ्या बाहीचा हिशेब मी बघेन.)

नाखाम
३० सप्टेंबर २००२

मालिवान,

भीती? माझं लग्न झालं तेव्हापासून मी त्या पाण्यात मासे धरते. मला फक्त एवढं सांग, नेसण कुठलं नेसू? जांभळं रेशमी, की रोजचं? रेशमी भिजलं तर वाईट, पण कॅलेंडर वर्षभर टांगलेलं असतं. वर्षभर लोकांनी मला रोजच्यात बघावं का? मी दोन्ही उन्हात घालून ठेवलीत.

खेकड्याला भात वाढून सोडून आले. तो काही वळून बघणारा नव्हता. मालिवानसारखाच.

पडलीस हे तुझ्या बापाला मी सांगितलं नाही. पण त्यानं विचारलंही नाही आणि रांजणाचं झाकण मात्र रोज उघडत होता, तेव्हा काय ते तू समज.

चानफेंगही येणार म्हणते. "तू उभी राहणार तर मी काय घरी बसू? माझी उंची तुझ्यापेक्षा जास्त आहे, धबधबा मोजायला मीच बरी." मी म्हटलं, उंची आहे, पण तू तोंड मिटून किती वेळ राहशील? म्हणाली, "कॅलेंडरसाठी राहीन." बघू.

तुझी आजी

पाक्से
४ नोव्हेंबर २००२

आजी,

सगळं सांगायचं आहे, पण क्रमानं सांगते. नाही तर तुझ्यासारखं होईल.

त्या सकाळी तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून तुला काही गोष्टी दिसल्या नसतील. मी तिपाई आधी काठावर लावली. तिथून तू दिसत होतीस, पण मध्ये ते मोठं झाड आणि वर तुषारांचा पडदा. काकांचं म्हणणं आठवलं. पण पाय उचलेना. तू तिथे जाळं हातात घेऊन उभी, जांभळ्या नेसणात, एवढीशी. तुझ्या डोक्यावर सगळं पठार कोसळत होतं, आणि तू अशी उभी जणू बाजारात गाडीची वाट बघतेस. मी तुला काही बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं. मग मी मनगटाचा दोरा एकदा दातात धरला आणि तिपाई उचलून पाण्यात शिरले. त्याच दगडावर गेले. दगड निसरडा होता, पण तिपाईला तीन पाय आणि माझे दोन, पाचांत मिळून भागलं. पापणी उघडली, मनात सावकाश दहा आकडे म्हटले, मिटली. पुन्हा उघडली.

आता इथलं. काकांनी ओला फोटो चिमट्यावरून काढला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा नाकावर आणला. म्हणाले, "या बाईला इथे कुणी रोवलंय का?"

मी म्हटलं, "माझी आजी आहे."

"श्वास घेते ना?"

"तुम्ही म्हटलंत तर बंद करेल."

त्यांनी फोटो दिव्याखाली नेला. मग म्हणाले, "आता कळला केवढा आहे तो." उठून कपाटाला किल्ली लावली आणि जाड भिंगाचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. भाचा तिथेच उभा होता, त्याला म्हणाले, "तू उद्यापासून पावत्या लिही. तिथे बोट मध्ये आलं तरी चालतं." शनिवारी एक लग्न आहे. ते मी एकटी करणार.

फोटोतला एक दोष मात्र काकांनी तसाच ठेवलाय. तुझ्या डाव्या हाताला, दगडाजवळ, एक उंच धुराचा लोट आहे. काका म्हणाले, "तुषार आहेत, छान दिसतात." तो लोट कुणाचा ते तुला माहीत आहे. तिला तूच सांग, माझ्यात हिंमत नाही.

बाबांना अजून लिहिलेलं नाही. कॅमेरा हातात पडलाय, पण तोडणी तोंडावर आहे आणि घरात हात कमी आहेत, हे मलाही दिसतं. ते ये म्हणाले तर मी काय म्हणू, आजी?

मालिवान

नाखाम
२८ नोव्हेंबर २००२

मालिवान,

कॅलेंडरं आली. खामनं गाडीतून उतरवतानाच ओरडून सांगितलं, "आजी, तू सगळ्या पठारावर टांगली जाणार." हे ऐकायला बरं वाटतं का सांग. पण मी हसले.

मी फार वेळ बघत बसले. पाण्याचं आहे तेच आहे, कापूस, वाफ, काय म्हणायचं ते म्हण. पण माझ्या जाळ्याची एकेक दोरी दिसते गं. नेसणाचा काठ दिसतो. रेशमी नेसले ते बरं केलं. सरपंचाच्या घरी, मठाच्या भोजनगृहात, कॉफीच्या वजनकाट्यावर, सगळीकडे मी. वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, "आजी, तुमच्यासमोर वजन मारायला लाज वाटते." मी म्हटलं, म्हणजे एरवी मारतोस.

चानफेंगला मी सांगितलं. आधी तिचा विश्वासच बसेना. "मी हललेच नाही," म्हणाली. सून म्हणाली, "आई, तुम्ही हलला नाहीत, पण बोलत होतात. हातांनी." दोन दिवस ती आमच्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात बघते तर दुकानातल्या कॅलेंडरला बोट लावून बायकांना सांगत होती, "ती मधली बुआफान, ती काय, कुणालाही दिसते. हा शेजारचा धूर बघा. तो मी." आता लोक तिच्याकडून धूर बघून घेतात आणि मला कुणी विचारत नाही.

आता तू विचारलंस त्याचं. मी तुझ्या बापाला काही म्हटलं नाही, कारण म्हणायची पाळीच आली नाही. त्यानं कॅलेंडर त्याच्या झोपायच्या जागेसमोर लावलंय. पहिल्या दिवशी तो त्याच्यापुढे उभा होता आणि मला वाटलं मला बघतोय. पण त्याचं बोट खाली होतं, पाण्याच्या कडेला. म्हणाला, "हे इथून काढलंय. त्या दगडावरून." मी म्हटलं, हो. "त्याच दगडावरून?" मी म्हटलं, हो. मग तो शेतावर गेला.

काल तोडणी सुरू झाली. फळं यंदा छान लाल आहेत, झाडं वाकलीत. सकाळी त्यानं सगळ्यांना टोपल्या वाटल्या. तुझी ती पट्ट्याची टोपली, शाळेत असल्यापासूनची, ती त्यानं वरच्या वाडीतल्या एका मुलीच्या खांद्याला अडकवली आणि तिला तुझी ओळ दाखवली, ओढ्याकडची.

मी विचारलं, "आणि मालिवान आली म्हणजे?"

तो फांदी वाकवून तोडत होता. तोडता तोडता म्हणाला, "ती आली म्हणजे फोटो काढेल. तिला सांग, फळं लाल आहेत तोवर यायचं. आणि लांबून काढायचे नाहीत."

तुझी आजी